हातविणीचा गालिचा : ललित कला की लोककारागिरी?

प्रस्तावना :
हातविणीच्या गालिच्यांचे मूल्यमापन करताना कलासमीक्षेत दोन वर्ग रूढ झाले आहेत. राजाश्रयाने निर्माण झालेला गालिचा ‘ललित कला’ ठरतो; भटक्या वा ग्रामीण स्त्रियांनी विणलेला गालिचा ‘लोककारागिरी’ म्हणून ओळखला जातो. या विभागणीमागील निकष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दरबारी गालिचा :
इराणमधील अर्दबिलचा गालिचा हे पहिल्या वर्गाचे सर्वमान्य उदाहरण होय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तो १८९३ मध्ये, विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीनंतर, २००० पौंडांना विकत घेतला. त्यावर मक्सूद काशानी हे नाव व हिजरी ९४६ (इ. स. १५३९-४०) हे वर्ष विणलेले आहे. सुमारे साडेदहा मीटर लांबीच्या या गालिच्यात दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात सुमारे ५३०० गाठी आहेत. अनेक विणकरांनी पूर्वनियोजित आराखड्यानुसार हे काम केले. मक्सूद हा त्या कामाची जबाबदारी असलेला दरबारी अधिकारी असावा, असे मानले जाते. प्रत्यक्ष गाठी मारणाऱ्यांची नावे मात्र उपलब्ध नाहीत. रचनेची भव्यता निर्विवाद असली, तरी येथे कल्पना एकाची आणि हात दुसऱ्यांचे आहेत.

स्मरणातील नक्षी :
इराणच्याच फार्स प्रांतातील स्त्रिया आडव्या मागावर, कागदी आराखड्याविना, स्मरणातून नक्षी उतरवितात. मंजिष्ठा, नीळ, अक्रोडाची साल, डाळिंबाची साल यांपासून लोकरीचे रंग तयार होतात. युनेस्कोने २०१० मध्ये या कौशल्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. येथील ‘गब्बे’ या जाड गालिच्यात गाठी विरळ असतात. परंतु विस्तृत रंगपटांची मांडणी विणकर स्वतः ठरविते. कल्पना व निर्मिती एकाच व्यक्तीची असणे हा आधुनिक कलाविचारातील प्रतिष्ठित निकष लावल्यास हा गालिचाच ललित कलेच्या अधिक जवळ येतो.

बाजारपेठेचा प्रभाव :
‘लोकपरंपरा’ ही संज्ञाही निरपवाद नाही. अमेरिकेतील नवाहो स्त्रिया उभ्या मागावर, गाठी न मारता, अंगावर घेण्याच्या घोंगड्या विणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांच्या मागणीमुळे त्यांची जागा जमिनीवर अंथरावयाच्या, काठ असलेल्या गालिच्यांनी घेतली. जे. बी. मूर या व्यापाऱ्याने १९०३ व १९११ मध्ये त्यांच्या नमुन्यांच्या सूचिपुस्तिका काढल्या. ज्या नक्षीला पुढे परंपरा मानले गेले, तिच्या जडणघडणीत ग्राहकाच्या अभिरुचीचाही वाटा होता. तरीही डेझी टॉगलची यांच्यासारख्या विणकर स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे घेतले जाते, ही बाब महत्त्वाची आहे.

समारोप :
गाठींची घनता तांत्रिक कौशल्य दर्शविते. कलात्मकतेचे ते प्रमाण नव्हे. तसेच राजाश्रय हा आर्थिक संबंध असून सौंदर्यमूल्य नव्हे. नक्षीचा निर्णय कोणी घेतला, विणताना त्यात कोणते बदल झाले आणि श्रेय कोणास मिळाले, हे प्रश्न दोन्ही वर्गांतील गालिच्यांना समानपणे विचारले गेले पाहिजेत. अन्यथा ‘लोककारागिरी’ हे नामाभिधान म्हणजे विणकर स्त्रीचे नाव न नोंदविण्याची एक प्रतिष्ठित सबब ठरते.