खुळखुळा वाजला पाहिजे

विधीत वाजवायचा खुळखुळा काचेत घडवायचा, काचपेटीत ठेवायचा, वरून दिवा सोडायचा आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून ढोल-बासरीचा मंद आवाज दिवसभर फिरता ठेवायचा, ही रीत उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी कलेच्या दालनांत अलीकडे फार बोकाळली आहे. तिला नाव दिलं जातं काच आणि संगीत यांच्या ‘संगमा’चं. समीक्षकही ते नाव उचलतात. या दोन कलांमध्ये तिथे खरोखर काहीतरी मोठं घडतं आहे आणि तेच या गुळगुळीत आवाजाखाली बुजतं आहे, म्हणून हा लेख.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर काच पहिल्यांदा आली ती मण्यांच्या रूपात, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. तिथल्या त्लिंगित या मूलनिवासी समाजाच्या बायकांनी ते मणी आपल्या नक्षीत ओवले आणि आपलेसे केले. स्टुडिओतली फुंकलेली काच आली ती त्यानंतर फार उशिरा. डेल चिहुली यांनी १९७१ मध्ये इतरांबरोबर सिअ‍ॅटलच्या उत्तरेला पिल्चक ही काचशाळा उभी केली आणि पुढच्या काही वर्षांत नवाहो घोंगड्यांची नक्षी काचेच्या नळकांड्यांवर, मूलनिवासी टोपल्यांचे आकार काचेच्या वाडग्यांत आणले. हात सफाईदार होता. पण घोंगडी विणणारी, टोपली वळणारी माणसं त्या कामात कुठेच नव्हती. आज त्याच धर्तीवर जे शेकड्याने बनतं त्यावर मी एक ओळही खर्च करणार नाही.

प्रेस्टन सिंगलटेरी हा त्लिंगित कलावंत त्याच भट्ट्यांच्या धगीत वाढला. त्याला व्हायचं होतं संगीतकार. काचेच्या कारखान्यात तो शिरला रात्रीचा पहारेकरी म्हणून. त्याचं तंत्र आता सर्वांना ठाऊक आहे: एका रंगावर दुसऱ्या रंगाचा थर चढवून काच फुंकायची, नक्षीचा भाग झाकून घ्यायचा, उघड्या भागावर वाळूचा मारा करून वरचा थर उडवायचा. उरतात त्या किनाऱ्याच्या परंपरेतल्या फुगीर, वळत्या रेषा. त्याच्या कुलचिन्हांच्या टोप्या मला सर्वांत प्रिय आहेत. टोपी उलटी ठेवली, आत प्रकाश सोडला की कुळाचा प्राणी खाली सावली होऊन पसरतो. लाकडाच्या टोपीला हे कधीच जमलं नसतं. पण लाकडाची टोपी डोक्यावर चढून नाचात जात होती, हेही विसरता येत नाही. खुळखुळ्याचं दुखणं तर त्याहून मोठं. तो आहेच आवाजासाठी, आणि काचेचा खुळखुळा नाचणाऱ्याच्या हातात कोण देईल?

सिंगलटेरीने या प्रश्नाला बगल दिली नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने काचेतून आवाज काढायची कसरत केली नाही, तर बॅण्ड उभा केला. त्याचं नाव ‘कूईख’, म्हणजे त्लिंगित लोकांचा दानसोहळा. स्वतः तो बास वाजवतो. सोबतीला पार्लमेण्ट-फंकाडेलिक या फंक बॅण्डचे बर्नी वॉरेल, सॅक्सोफोनवर स्केरिक, त्लिंगित कथेकरी जीन टॅगबान, हैदा भाषेत गाणारी सॉण्ड्रा सेगुंडो. वॉरेल २०१६ मध्ये गेले. बॅण्ड त्यानंतरही थांबला नाही. या संगीतात फंकचा जाड ठेका असतो, त्यावर हैदा आणि त्लिंगित बोल स्वार होतात, आणि मध्येच कथेकऱ्याचा आवाज सगळं अडवून धरतो. मिशनरी शाळांनी मुलांच्या तोंडातून काढून घेतलेल्या या भाषा. त्या संग्रहालयाच्या कुजबुजीत नाही, ढणढणत्या अ‍ॅम्प्लिफायरमधून परत येतात. काही गाणी लांबतात, काही ठिकाणी सॅक्सोफोन जरा जास्तच बोलतो. तरीही गेल्या दशकातलं या किनाऱ्यावरचं इतकं जिवंत संगीत मला दुसरं माहीत नाही.

सहकार्य हा इथे आधुनिक शोध आहे असं जे म्हटलं जातं, ते तर मला अजिबात मान्य नाही. त्लिंगित समाज दोन पक्षांत वाटलेला आहे, रेवन (डोमकावळा) आणि गरुड. एका पक्षाच्या कुळाला घर बांधायचं, कुलचिन्ह कोरून घ्यायचं, आपल्या मृताचे सोपस्कार करायचे तर ते काम दुसऱ्या पक्षाच्या माणसांनी करायचं, आणि दानसोहळ्यात सर्वांसमोर त्यांचा मोबदला चुकवायचा. कोरणारा एका बाजूचा, मालकी दुसऱ्या बाजूची, आणि मध्ये गाणी, भाषणं, साक्षीदार. वस्तू आणि गाणं यांची गाठ तिथे कायद्याने मारलेली आहे. १९०४ मध्ये अलास्कातल्या सिट्काला ‘शेवटचा’ सोहळा भरवून हे सगळं संपवण्याचा घाट गव्हर्नर ब्रेडी यांनी घातला होता. तो शेवटचा ठरला नाही.

म्हणूनच मला अलास्कातल्याच जूनोच्या वॉल्टर सोबोलेफ इमारतीतलं शुका हीत, २०१५ मध्ये उघडलेलं ते कुळघर, कोणत्याही संग्रहालयापेक्षा महत्त्वाचं वाटतं. घराचा दर्शनी भाग त्सिम्शियन कलावंत डेव्हिड बॉक्सली यांचा, आतला काचेचा पडदा सिंगलटेरीचा, इमारतीच्या बाहेरचे धातूचे फलक हैदा कलावंत रॉबर्ट डेव्हिडसन यांचे. तिथे त्या काचेसमोर माणसं गातात, नाचतात, गोष्टी सांगतात. पडदा हा त्या घरातला जुनाच घटक आहे, त्याच्यापुढे गाणं व्हावं हेही जुनंच. काचेने फक्त लाकडाची जागा घेतली आणि जागेबरोबर जबाबदारीही घेतली.

‘रेवन आणि उजेडाची पेटी’ हे सिंगलटेरीचं प्रदर्शन २०१८ मध्ये टकोमाच्या काच संग्रहालयात सुरू झालं आणि पुढे वॉशिंग्टनपर्यंत गेलं. त्याचा उल्लेख टाळणार नाही. पांढरा रेवन, नास नदीच्या उगमाशी राहणारा धनवान, त्याच्या पेट्यांतले तारे, चंद्र आणि उजेड. गोष्ट त्लिंगित कथेकरी वॉल्टर पोर्टर यांच्या सोबतीने उभी केलेली, त्यामुळे तिला कणा आहे. पण दालनात किनाऱ्यावरचे आवाज आणि संगीत गुंफून जे वातावरण केलं, ते मला सैल वाटतं. गोष्ट सांगणारा असताना वातावरण कशाला हवं? त्या प्रदर्शनात निदान सांगणाऱ्याचं नाव होतं. त्याची नक्कल करणाऱ्यांनी नाव गाळलं आणि वातावरण ठेवलं.

इथे माझं भांडण सुरू होतं. त्लिंगित कुळाचं गाणं ही कुळाची मालमत्ता असते. ते कोणाचं हे सांगून, परवानगी घेऊन गायचं असतं. तंट्याच्या भरपाईत गाणं देऊन टाकल्याची उदाहरणं आहेत, इतकी ती मालकी खरी आहे. आपल्याकडे घराण्याच्या बंदिशी उस्ताद लपवून ठेवत. त्लिंगितांकडे लपवाछपवी नाही, गाणं सर्वांसमोर होतं, पण कोणाचं ते प्रत्येकाला ठाऊक असतं. १८८२ मध्ये अमेरिकी नौदलाने त्लिंगितांच्या अंगून गावावर तोफा डागल्या, घरं आणि होड्या जाळल्या. माफी मागितली २०२४ मध्ये. ज्या लोकांच्या वस्तू अशा गेल्या, त्यांच्या गाण्यावरचा हक्क दालनाच्या सजावटीसाठी पुसून टाकणं हे कलेचं काम नाही. काचेच्या कलाकृतीखालच्या पाटीवर कलावंताचं नाव, साल, माप, देणगीदार सगळं असतं. स्पीकरमधल्या आवाजाखाली काहीच नसतं. तिथेही गाणाऱ्याचं नाव हवं, कुळाचं नाव हवं, परवानगी कोणी दिली आणि किती दिवसांची हे हवं. विशिष्ट प्रसंगाचं गाणं सकाळी दहा ते संध्याकाळी पाच फिरवत ठेवता येणार नाही, हे संग्रहालयांनी मान्य करायला हवं. संग्राहकाने काच विकत घेतली म्हणून तिच्याशी जोडलेलं गाणं त्याच्या दिवाणखान्यात आलं असं होत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की इतके निर्बंध घातले तर संगीत कोंडलं जाईल, तरुण काही नवं करू शकणार नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आजूबाजूला पाहावं. सिट्काचा निकोलस गॅलनिन शिल्पही करतो आणि ‘या त्सीन’ या नावाने गातोही. त्याचं ‘इंडियन यार्ड’ २०२१ मध्ये सब पॉपसारख्या कंपनीने काढलं. कोणत्याही कुळाचं गाणं न ढापता त्यात आजच्या इलेक्ट्रॉनिक आवाजात प्रेम आणि संताप दोन्ही आहेत. डिने (नवाहो) संगीतकार रेव्हन चॅकोन यांना २०२२ चं पुलित्झर मिळालं ते चर्चच्या ऑर्गनसाठी केलेल्या, गायकच नसलेल्या रचनेला. ऑस्ट्रेलियात मूलनिवासी कलावंत यॉनी स्कार्सने ‘थंडर रेनिंग पॉइझन’मध्ये दोन हजारांहून अधिक काचेचे कंद टांगले, तिथल्या मॅरलिंगाच्या अणुचाचण्यांची आठवण म्हणून, आणि त्या कामाला पार्श्वसंगीताची गरज पडत नाही. आणि कूईखने तर नवी गाणी रचली, जुन्या भाषांत, स्वतःच्या नावावर, खून झालेल्या आणि बेपत्ता झालेल्या मूलनिवासी स्त्रियांबद्दलसुद्धा. कोंडमारा कुठे आहे? ज्यांना मालकी माहीत आहे तेच नवं करत आहेत. ज्यांना ती नको आहे त्यांच्याकडे स्पीकरमधली तीच बासरी आहे, आणि तिच्यासाठी सार्वजनिक संस्थांनी यापुढे पैसा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.