'पेक्षा' आणि 'ऐवजी' : अ‍ॅजाइल पद्धतीची एक चिकित्सा

'अ‍ॅजाइल' हा शब्द आपल्या श्रोत्यांपैकी अनेकांच्या रोजच्या कामातला आहे. तेव्हा ते कसं करावं, हे शिकवण्याचा आगाऊपणा आपण करणार नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. या पद्धतीच्या मुळाशी ज्ञानाविषयी एक धारणा आहे. ती बरोबर आहे का, आणि कचेरीत पोहोचेपर्यंत ती शिल्लक राहते का?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे, सतरा जण जमले आणि त्यांनी चार मूल्यांचा एक छोटा जाहीरनामा काढला. त्याची वाक्यरचना बघा. चालणारं सॉफ्टवेअर जाडजूड कागदपत्रांपेक्षा मोलाचं, बदलाला सामोरं जाणं योजनेला चिकटून राहण्यापेक्षा मोलाचं, अशी ती मांडणी आहे. इथे 'पेक्षा' आहे, 'ऐवजी' नाही. दुसऱ्या बाजूलाही मोल आहे, हे त्यातच स्पष्ट केलेलं आहे. पण वाचणाऱ्यांनी तुलना ऐकली आणि नकार समजला. 'आम्ही अ‍ॅजाइल आहोत' याचा अर्थ 'आम्ही लिहून ठेवत नाही' असा होऊन बसला.

गंमत म्हणजे ज्या जुन्या पद्धतीविरुद्ध हे बंड होतं, तिच्याही वाट्याला हेच आलं होतं. विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या निबंधात एकामागून एक टप्प्यांची आकृती काढली. पुढे तिला 'वॉटरफॉल' म्हणू लागले. स्वतः रॉइस यांनी मात्र ही पद्धत अशीच राबवणं धोक्याचं आहे, असं बजावून पुढे दुरुस्त्या सुचवल्या होत्या. लोकांनी आकृती उचलली, इशारा सोडला.

आता गुणांकडे येऊ. आपल्याला काय हवं आहे, हे माणसाला आधी पुरतं कळत नाही. काहीतरी हातात आल्यावर कळतं. म्हणून थोडं करा, दाखवा, चूक काढा, पुढे जा. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे कार्ल पॉपर आठवतील. ज्ञान वाढतं ते चुका सापडल्यामुळे, आणि सुधारणा तुकड्यातुकड्याने करावी म्हणजे चूक परवडते, ही त्यांची भूमिका.

एफबीआयचं उदाहरण घ्या. त्यांचा 'व्हर्च्युअल केस फाइल' हा प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये गुंडाळावा लागला. गरजांचा दस्तऐवज आठशेहून अधिक पानांचा होता, तरी गरजा बदलतच राहिल्या. नंतरचा 'सेंटिनल' प्रकल्पही रखडला, तेव्हा २०१० मध्ये एफबीआयने तो आपल्या हाती घेऊन अ‍ॅजाइल पद्धतीने चालवला आणि २०१२ मध्ये तो कार्यान्वित झाला. मात्र सगळं श्रेय पद्धतीला देणं घाईचं होईल. काही टप्पे आधीच्या कंत्राटदाराने पुरे केले होते, आणि इतक्या वर्षांच्या ठेचांनंतर नेमकं काय हवं हेही बरंच स्पष्ट झालं होतं.

आणि दोष? पहिला मापनाचा. कामाचा अंदाज बांधायला गुण द्यायचे, ही सोय. पण त्याच गुणांवर माणसाची कामगिरी मोजली, की आकडे फुगतात आणि अंदाज निरुपयोगी होतो. दुसरा स्मृतीचा. आज ज्यांनी निर्णय घेतला ते उद्या नोकरी सोडून जातात, आणि 'असं का केलं' हे कुठेच सापडत नाही. तिसरा सगळ्यात गंभीर. पॉपर यांच्या सुधारणेला एक अट आहे: टीका निर्भयपणे करता आली पाहिजे. रोजची उभ्याउभ्याची बैठक म्हणजे हजेरी झाली आणि पंधरवड्याच्या आढाव्यात 'ही तारीख अशक्य आहे' हे म्हणायला नवखा अभियंता कचरला, तर उरतं ते कर्मकांड. मंत्र बरोबर, विधी यथासांग, फक्त चूक कोणी दाखवायची नाही!

हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या ग्राहकासाठी काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. किंमत करारात बांधलेली, तारीख बांधलेली, कामाची यादीही बांधलेली. आणि वर 'बदलाचं स्वागत करा'. मग बदलाचा भार जातो कुठे? रात्री साडेनऊच्या कॉलवर आणि शनिवार-रविवारवर. लवचीकता एकाची आणि ताण दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होते. तो दोष जाहीरनाम्याचा नाही, हे खरं. पण सत्तेचा विचार न करणारी पद्धत ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्याच सोयीने वळते, हेही तितकंच खरं.

तेव्हा आपला निष्कर्ष असा: अ‍ॅजाइलची ज्ञानमीमांसा भक्कम आहे, तिची नीतिमीमांसा अपुरी आहे. एखादी टीम खरोखर अ‍ॅजाइल आहे का, हे बैठका मोजून कळणार नाही. एवढंच विचारा: गेल्या तीन महिन्यांत खालच्या माणसाच्या सांगण्यावरून वरची कोणती योजना बदलली? उत्तर मिळालं तर पद्धत जिवंत आहे.

इथे थांबू. प्रश्न घेऊ या. आणि जे रोज हे काम करतात, त्यांनी आधी बोलावं.