वाघूर, फास आणि बंदूक : मराठी वनलेखनातील शिकारनीतीचा विचार

मराठीतील शिकारविषयक व वनविषयक लेखनाची समीक्षा बहुधा दोन अंगांनी होत आली आहे. एक तर त्यातील वर्णनशैलीचे गुणगान केले जाते, नाहीतर लेखकाच्या निसर्गप्रेमाची प्रशंसा करून विषय मिटविला जातो. या लेखनातून शिकारीच्या नीतीविषयी कोणता विचार प्रकट होतो, आणि हिंस्र पशूच्या सान्निध्यात राहणाऱ्या ग्रामीण माणसास तो कितपत उपयोगी पडतो, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. सोलापूर जिल्ह्यापुरता तरी हा प्रश्न केवळ ग्रंथगत राहिलेला नाही.

डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसे मृत्यू पावली. त्यांत ऊसतोडणीसाठी आलेल्या एका कुटुंबातील लहान मुलगीही होती. त्याआधी शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात असेच बळी गेले होते, आणि ही सर्व कृत्ये एकाच जनावराची असल्याचे त्या वेळी सांगितले गेले. पिंजरे लावले गेले, ठसे शोधले गेले, वन विभागाच्या पथकांबरोबर खाजगी नेमबाजही रानात उतरले; अखेर १८ डिसेंबर रोजी वांगी परिसरातील केळीच्या बागेजवळ बिबट्यास गोळी घालण्यात आली. त्या पंधरवड्यात तालुक्यात जी भाषा बोलली गेली तिच्यात दोन शब्द सतत येत होते : ‘नरभक्षक’ आणि ‘खात्मा’. पहिल्या शब्दाने पशूवर हेतूचा आरोप होतो, दुसऱ्याने त्याच्या मृत्यूस न्यायदंडाचे रूप येते. हे शब्द लोकांनी नव्याने घडविले नाहीत. शिकारकथांच्या वाचनातून व ऐकिवातून ते त्यांच्यापर्यंत आलेले आहेत. म्हणून त्या कथांकडेच वळणे इष्ट.

तत्पूर्वी एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ससे वगैरे धरण्याच्या जाळ्यास मराठीत ‘वाघूर’ किंवा ‘वाघर’ म्हणतात. संस्कृत ‘वागुरा’ हे त्याचे मूळ. वाघाशी या शब्दाचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. परंतु धनगर रात्री मेंढरांभोवती जी जाळी उभारतो तिलाही तो वाघरच म्हणतो. पारध्याच्या हातात जे धरण्याचे साधन, तेच धनगराच्या हातात राखण्याचे साधन होते. शिकारीची नीती वस्तूत नसून वस्तू कोण, कोठे व कशासाठी लावतो यात असते, हे या एका शब्दावरून जितके स्पष्ट होते तितके पुष्कळ शिकारकथांवरून होत नाही.

मृगयेचा नीतिविचार आपल्या परंपरेत जुना आहे. कौटिल्याने मृगयेस राजाच्या व्यसनांत घातले. तथापि द्यूतापेक्षा ती बरी, कारण तीत व्यायाम होतो, कफपित्त व मेद झडतात आणि चल-अचल लक्ष्यांवर नेम बसतो, असा निर्णय दिला. कालिदासाने शाकुंतलात हाच युक्तिवाद सेनापतीच्या तोंडी घातला, आणि त्यापूर्वीच पहिल्या अंकात आश्रममृगावर रोखलेला राजाचा बाण तपस्व्याकडून थांबविला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सन ११२९ च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासात, ज्या ग्रंथात मराठी पदरचनेचे जुने अवशेषही सापडतात, मृगयेला राजविनोदांत स्थान आहे. या सर्व ग्रंथांत प्रश्न एकच : शिकारीने शिकाऱ्याचे काय होते? त्याचे शरीर सुदृढ होते की मन बिघडते? मारल्या जाणाऱ्या जनावराचा विचार क्वचित येतो, आणि ज्याच्या शेतात ते जनावर येते त्याचा तर येतच नाही. राजा हाच या नीतीचा विषय होता.

इंग्रजी अमदानीत राजाच्या जागी साहेब आला. वाघ, बिबळे, लांडगे मारणारास सरकारी बक्षिसे मिळू लागली आणि शिकारकथा हा वाङ्मयप्रकार रूढ झाला. त्याचा सर्वांत प्रभावी प्रणेता जिम कॉर्बेट. कुमाऊँच्या नरभक्षकांविषयीचे त्याचे पुस्तक १९४४ मध्ये निघाले व पुढे मराठीतही अनुवादरूपाने पोहोचले. कॉर्बेटचे एक मोठे श्रेय मान्य केले पाहिजे. वाघ स्वभावतः माणूस खात नाही. जखमेने किंवा वार्धक्याने लाचार झाला म्हणजे तो तिकडे वळतो, आणि ती जखम पुष्कळदा एखाद्या अर्धवट शिकाऱ्याच्या गोळीची असते, ही उपपत्ती त्याने मांडली. त्यामुळे दोषाचा काही भाग बंदुकीकडे परत गेला. परंतु याच उपपत्तीने वाचकास एक सवयही लावली. प्रत्येक नरभक्षकाला पूर्वचरित्र असते, शिकारी ते चरित्र शोधतो, आणि शेवटच्या गोळीबरोबर कथा व संकट दोन्ही संपतात. करमाळ्याच्या प्रसंगात या सवयीचा काही उपयोग नव्हता. त्या बिबट्याचे पूर्वचरित्र कोणास ठाऊक नव्हते. हल्ला करणारा आणि बंदुकीपुढे येणारा एकच आहे याची खात्री कशी करावयाची, हा तेथील खरा नैतिक प्रश्न होता. शिकारकथेत तो क्वचितच उपस्थित होतो, कारण तेथे निवेदक स्वतःच शिकारी असतो व त्याच्या ओळखीवर शंका घेणारा कोणी नसतो.

व्यंकटेश माडगूळकरांनी (१९२७-२००१) या परंपरेतून बाहेर पडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. तरुणपणी बंदूक घेऊन रानात जाणारा हा लेखक पुढे केवळ पाहण्यासाठी जाऊ लागला, आणि ‘नागझिरा’सारख्या पुस्तकांत ती पाहण्याची वृत्ती स्थिर झालेली दिसते. पण त्यांच्या नीतिविचाराचा कस लागतो तो ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरीत. वानरांच्या टोळीवर नवा नर अधिकार प्रस्थापित करतो व जुन्याची पिले मारतो. हे सर्व लेखक सांगतो, परंतु त्यास गुन्हा म्हणत नाही आणि क्षमाही करीत नाही. प्राण्याच्या हिंसेस हेतू न चिकटविता तिचे पूर्ण भय वाचकापर्यंत पोहोचविणे ही मराठी गद्यातील विरळा सिद्धी होय. ‘नरभक्षक’ या शब्दावर याहून चांगला उतारा मराठीत नाही. तथापि हा उतारा वानरांच्या जगात लागू पडतो. तेथे मेलेल्या पिलाची आई माणूस नाही. ज्या ‘बनगरवाडी’त (१९५५) माडगूळकरांनी माणदेशी धनगरांचे जीवन इतक्या आतून पाहिले, त्या बनगरवाडीच्या डोळ्यांनी त्यांनी पुढचे रान पाहिले असते तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. रानात जाताना ते शाळामास्तर मागे ठेवून गेले.

मारुती चितमपल्ली यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा जन्म सोलापुरातील (१९३२), आणि १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधनही याच शहरात झाले. वनाधिकारी म्हणून त्यांनी प्रदीर्घ सेवा केली. मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाचे काम पाहिले. २००६ साली सोलापुरास भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शिकारबंदीचा कायदा राबविणे हे त्यांच्या नोकरीचे कर्तव्य, आणि शिकार करणाऱ्यांकडून रानाची विद्या शिकणे हा त्यांच्या लेखनाचा धर्म. या दोहोंतील ताण त्यांनी लपविला नाही. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार हे जुने शिकारी. त्यांच्यापाशी साठलेले ज्ञान चितमपल्लींनी शिष्याच्या आदराने टिपले. गोंड, माडिया, धीवर, पारधी यांच्याकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, पाऊलखुणांची नावे घेतली व ती ग्रंथभाषेत आणली. हंसदेव या जैन पंडिताच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या संस्कृत ग्रंथाच्या मराठी अनुवादाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. पोथी आणि पारधी यांना एकाच पंक्तीस बसविणारा असा लेखक मराठीत दुसरा नाही.

येथे एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. चितमपल्लींच्या लेखनात फास टाकणाऱ्याची विद्या येते. त्याचे पोट तितक्या ठळकपणे येत नाही. पारधी तेथे बहुधा गुरू म्हणून भेटतो, अन्न शोधणारा म्हणून कमी. फासेपारधी पाळीव तित्तिराच्या हाकेने रानातील तित्तिर फासात आणतो, शिकविलेल्या गायीच्या आडोशाने काळविटाच्या कळपाजवळ सरकतो, हे वाचताना आपण त्याच्या कौशल्याने थक्क होतो. पण याच सोलापुरात, गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वये, पारध्यांसह अनेक जमातींना तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंटमध्ये ठेवले होते आणि तो कायदा रद्द होईपर्यंत हजेरी चुकत नव्हती, हे त्या कौशल्याच्या वर्णनाशेजारी ठेवले पाहिजे. जाळे लावणाऱ्या जमातीभोवती सरकारने स्वतःच एक वाघूर लावली होती. बंदूकवाल्यास वाङ्मय मिळाले आणि फासवाल्यास पोलिसांचे दप्तर. ही विषमता मराठी वनलेखनाने मोडावयास घेतली, पण पुरी मोडली नाही.

फास व बंदूक यांतील नैतिक भेद मात्र मान्य करावयास हवा. बंदूकधारी समोरचे जनावर निवडतो. फास निवडत नाही. पारंपरिक पारधी फासाजवळ दबून बसत असे, त्यामुळे निवड पुष्कळ अंशी त्याच्या हाती राही. आज रानडुकरांसाठी शेताच्या बांधावर तार लावून, किंवा तीत वीज सोडून घरी निजणारा माणूस त्या निवडीतूनच निवृत्त होतो; मग तारेत बिबट्या अडको, वाघ अडको की शेजाऱ्याचे गुरू. जुन्या सापळ्यात धरणारा हजर असे, नव्यात तो गैरहजर असतो, आणि हा फरक कोणा मराठी लेखकाने अद्याप पुरेशा गांभीर्याने लिहिलेला नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या बाबतीत वाङ्मयापेक्षा अधिक सूक्ष्म विचार केला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच्या व्याख्येनुसार मारणे, विष घालणे, पकडणे, फास लावणे, आमिष दाखविणे, आणि यांपैकी कशाचा प्रयत्न करणे, हे सारे ‘शिकार’च होय. म्हणजे शेळी बांधून लावलेला पिंजराही कायद्याच्या दृष्टीने शिकारीतच मोडतो व त्यासही परवानगी लागते. माणसाच्या जिवास धोकादायक ठरलेल्या पशूस मारण्याची आज्ञा मुख्य वन्यजीव रक्षकास देता येते; परंतु ती लेखी कारणांसह, आणि पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र नेणे शक्य नाही अशी खात्री झाल्यावरच. पिंजऱ्यातील शेळीच्या जिवाची नोंद मात्र कायदाही घेत नाही.

पकडून दूर सोडणे हा तरी निर्दोष मार्ग आहे काय? जुन्नर भागातील अनुभव उलटा आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून सोडण्याची मोहीम सुरू होण्यापूर्वी, १९९३ ते २००१ या काळात, तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेनंतर ही सरासरी १७ वर गेली. परक्या मुलखात सोडलेले जनावर घर हरवलेले असते. दयेपोटी उघडलेल्या पिंजऱ्याने दुसऱ्या गावचे मूल धोक्यात येऊ शकते, हे सत्य शिकारकथेच्या चौकटीत मावत नाही, आणि निसर्गप्रेमाच्या ललितलेखातही मावत नाही.

करमाळ्याचे रानही आता ग्रंथांतले रान नव्हे. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्याने तेथे ऊस व केळी आली. माळावर लांडगा व काळवीट होते. उसात बिबट्या आला. बिबट्यास उसाचा फड आडोसा देतो, वस्तीवरील कुत्री व शेळ्या अन्न देतात, आणि त्याच फडाच्या कडेला पाचटाच्या खोपीत तोडणी कामगारांची मुले निजतात. या रानाचे मचाण कोठे बांधणार? माडगूळकर व चितमपल्ली या दोघांच्याही लेखनात निवेदक रानात जातो व परत येतो. खोपीतील बाई कोठे जात नाही. रानच तिच्या दारी येते. तिच्या बाजूने लिहिलेले वनलेखन मराठीत फार थोडे आहे. समीक्षेने या उणिवेचे समर्थन लेखकांच्या थोरवीने करू नये.

डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रानात पोहोचला आणि बार्शी तालुक्यातही फिरू लागला. गुरे मारली गेली; जानेवारी २०२५ मध्ये त्यास पकडण्यासाठी पथके आली व तो त्यांच्या हाती लागला नाही. त्याची ओळख पटली ती कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रावरून. ‘ट्रॅप’ म्हणजे सापळाच. पण यात सापडलेले जनावर आपल्या वाटेने निघून जाते आणि मागे राहते ती केवळ कोण आले होते याची नोंद. करमाळ्यात जी ओळख निश्चित करणे इतके अवघड झाले होते, ती बार्शीत एका चित्राने झाली. बार्शीच्या शेतकऱ्याने या वाघास काय म्हटले, गाय गेल्यावर त्याने कोणाकडे दाद मागितली, रात्री गोठ्याभोवती त्याने कोणती वाघर उभारली, हे टिपून ठेवण्याचे काम आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. बोलीतील हे शब्द अद्याप ताजे आहेत, आणि ते सांगणारी माणसे बार्शी-वैरागच्या वाटेवर भेटतात.