मुलांची शब्दसंपत्ती आणि पाठाखालील ‘शब्दार्थ’ : एक चिकित्सा

महाराष्ट्रात २०२० च्या अधिनियमाने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले. त्यामुळे मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलांच्या शब्दसंपत्तीचा प्रश्न अधिक निकडीचा बनला आहे. भिवंडीतील निजामपुरा व परिसरातील उर्दूभाषक मुलांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पाठाखाली ‘शब्दार्थ’ देऊन ते पाठ करून घेणे ही आपली रूढ पद्धती. मुलाजवळ शब्द नाहीत, हे तिचे गृहीतक आहे. ते येथे टिकत नाही. यंत्रमागाच्या या गावात उत्तर भारतातून आलेल्या विणकर कुटुंबांप्रमाणेच जुने कोकणी मुसलमानही राहतात. त्यांची घरची बोली मराठीला जवळची आहे. शिवाय मराठीत फारसी-अरबीतून आलेले शब्द विपुल आहेत. माधव जूलियन यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५) याची साक्ष देतो.

या दृष्टीने पाठातील शब्दांचे तीन वर्ग पडतात. जमीन, बाजार, दुकान, हवा हे शब्द मुलाचेच आहेत. ते वाचताना तो अडखळतो तो लिपीमुळे. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या डोळ्यांना देवनागरी नवी असते. ही अडचण शब्ददारिद्र्य म्हणून नोंदवणे अन्यायाचे आहे. दुसरा वर्ग फसव्या शब्दांचा. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, मराठीत सराव किंवा आखाडा. ‘खुलासा’ तेथे सारांश, येथे स्पष्टीकरण. ‘हरकत’ तेथे हालचाल, येथे आक्षेप. ‘दप्तर’ तेथे कचेरी. येथे मूल ते पाठीवर घेऊन शाळेत येते! हे शब्द ओळखीचे वाटल्यामुळे मूल अर्थ विचारत नाही आणि वाक्याचा आशय चुकतो. तिसरा वर्ग खरोखर अपरिचित शब्दांचा. शब्दार्थांच्या यादीचा उपयोग मुख्यतः या वर्गापुरता आहे.

यादीमुळे वेळ वाचतो व परीक्षेची तयारी होते, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु पाठ केलेला प्रतिशब्द संभाषणात उतरतोच असे नाही. ‘काही हरकत नाही’ हे वाक्य वर्गात प्रसंगानुसार बोलले गेले, तरच तो शब्द मुलाचा होतो.

मराठीच्या शिक्षकाला उर्दू येत नसेल, तर उर्दूच्या सहकाऱ्यासोबत बसून प्रत्येक पाठातील फसव्या शब्दांची नोंद करता येईल. त्यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती मुलाच्या भाषेला उणीव न मानता भांडवल मानण्याची.