'द इनर आय' : हातांचा माहितीपट

थोरांवरच्या माहितीपटांचा साचा ठरलेला असतो : जन्मगाव, जुने फोटो, सत्कार आणि मागे एक गंभीर आवाज. सत्यजित राय यांनी शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर १९७२ साली केलेला 'द इनर आय' या साच्यात बसत नाही.

बिनोदबिहारींची नजर जन्मापासून अधू. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तीही गेली. पण राय कणव मागत नाहीत, ते हात दाखवतात. बोटे चाचपतात, मोजतात आणि आकार घडत जातो. हिंदी भवनातले १९४६-४७चे मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र कॅमेरा सावकाश न्याहाळतो. आराखडा आधी भिंतीवर उतरवून न घेता एवढी रचना उभी राहिली, हे तेव्हा कुठे पटते. राय स्वतः कलाभवनात त्यांचे विद्यार्थी होते. भक्ती मात्र आवरलेली आहे.

माझी तक्रार लांबीची. जेमतेम वीस मिनिटे! नुसत्या स्पर्शावरून मनात अंतराचे माप कसे बसते, हा खरा प्रश्न. फिल्म तो उभा करते आणि पुढे सरकते. वर्गात दाखवाल तेव्हा तिथेच थांबवा. मुलांना डोळे मिटून मातीचा बैल करू द्या, मग उरलेला भाग लावा.