दोन तुकाराम

जुन्या नायकाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगण्याची चित्रपटसृष्टीला मोठी हौस आहे. इंग्रजी चित्रपटवाले अशा पुनर्कथनाला 'रिबूट' म्हणतात. २००२ साली सॅम रेमी यांनी 'स्पायडर-मॅन' पडद्यावर आणला आणि दहाच वर्षांनी, २०१२ मध्ये, मार्क वेब यांनी 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' काढून तोच कोळी पुन्हा चावविला, तेच काका पुन्हा मारविले. योगायोग असा की, त्याच २०१२ साली मराठीतही एका नायकाची कथा मुळापासून नव्याने सांगितली गेली. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांचा 'तुकाराम' हा तो चित्रपट. त्याच्या पाठीशी ७६ वर्षांपूर्वीचा, दामले-फत्तेलाल यांनी प्रभातसाठी केलेला 'संत तुकाराम' उभा होता.

तुकोबांना 'अतिमानव' म्हणणे कोणास रुचणार नाही; आम्हांलाही रुचत नाही. परंतु १९३६ च्या चित्रपटात बुडविलेल्या वह्या नदीतून वर येतात, आभाळातून धान्य कोसळते, शत्रूच्या डोळ्यांपुढे एका शिवरायांचे अनेक होतात आणि अखेरीस स्वर्गीचे विमान अंगणात उतरते. सामर्थ्यवान नायकाच्या कथेस लागणारी सारी सामग्री तेथे आहे. म्हणून पुनर्कथनात काय मिळते आणि काय गमावते, हे पाहण्यास आपल्या भाषेत याहून चांगले उदाहरण आम्हांस दिसत नाही.

हा विषय आपल्या त्रैमासिकास परका वाटू नये. तुकोबांची पालखी दरवर्षी नीरा ओलांडून अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी अशी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातून पंढरीस जाते. येशूसंघीय फादर ग्यी दलरी यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि १९६० साली विठ्ठलभक्तीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. नारायण वामन टिळक तर आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे सांगत.

प्रथम जुन्या चित्रपटाविषयी. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पहिल्या दृश्यापासून संतच आहे, आणि कथेच्या दृष्टीने हेच त्याचे वैगुण्य. तो बदलत नाही. दुष्काळ, बुडालेला व्यापार, पहिली पत्नी यांना तेथे जवळजवळ जागाच नाही. संकट आले की देव धावून येतो. असा नायक पडद्यावर दोन घटकांत कंटाळवाणा व्हावयास हवा. तसे होत नाही याचे श्रेय पागनीसांच्या निर्व्याज मुद्रेस आहेच (आणि शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद आजही पुष्कळांना खुद्द तुकोबांचा अभंग वाटते, इतके त्या वातावरणाचे सामर्थ्य); पण खरे श्रेय गौरी यांच्या जिजाईस आहे. घरात दाणा नाही, मूल आजारी आहे, नवरा भजनात आहे, आणि ही बाई पायातील वहाण हाती घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला जाते! तिची ती प्रार्थना पाहताना आम्हांस शुभवर्तमानातील कनानी स्त्री आठवते. तीही लेकीसाठी प्रभूशी वाद घालते आणि प्रभू तिच्या विश्वासाची वाखाणणी करतो. योहानाच्या शुभवर्तमानात चमत्कारांना 'चिन्हे' म्हटले आहे. जुन्या चित्रपटातील चमत्कार जिजाईच्या भुकेला उत्तर देतात तेव्हा चिन्हे होतात. एरवी ते नजरबंदीच राहतात. शत्रूसमोर अनेक शिवाजी उभे राहतात तो प्रसंग आम्हांस असाच वाटतो.

नव्या चित्रपटाने जुन्याचे हे वैगुण्य अचूक हेरले. अजित दळवी व प्रशांत दळवी यांच्या पटकथेचा भर माणूस संत होतो कसा यावर आहे. सुखवस्तू घरातला, दुकान चालविणारा, कर्जाऊ देणारा तरुण. मग १६३० चा दुष्काळ, पत्नी रखमाचा मृत्यू, आणि लोकांची कर्जखते इंद्रायणीत सोडून देण्याचा निर्णय. जितेंद्र जोशी यांनी हा प्रवास घाई न करता केला आहे. २०१२ च्या पावसाने आपल्या जिल्ह्याकडे पाठ फिरविली आणि पुढे गावोगाव चारा छावण्या उभ्या राहिल्या. त्या वर्षी हे दुष्काळाचे चित्र सोलापूरकरांस निराळे समजावून सांगावे लागले नसेल. संतपद देण्यापूर्वी ख्रिस्तसभाही प्रथम त्या व्यक्तीचे वीरोचित सद्गुण तपासते, चमत्कारांचा विचार त्यानंतर येतो. (हुतात्म्यांची गोष्ट निराळी.) कुलकर्णी यांच्या चित्रपटाचा पूर्वार्ध ही चौकशीच आहे, आणि ती मनाला पटते.

कसोटीचा प्रसंग अर्थातच गाथेचा. प्रत्यक्ष चमत्कार दाखवायचा नाही असे ठरविल्यावर वह्या वर कशा यायच्या? येथे गाथा तरते ती लोकांच्या मुखी. ज्याला जो अभंग पाठ, तो त्याने जपलेला. हे केवळ बुद्धिवादी स्पष्टीकरण नव्हे; कथेत त्यामुळे मोठा पालट होतो. पूर्वी देव भक्ताला तारीत होता, आता ज्यांना भक्ताने दिले ते त्याला तारतात. वेब यांच्या स्पायडर-मॅनमध्येही नेमके हेच घडते. पुलावर ज्याचे पोर वाचले तो कामगार आपल्या सोबत्यांना हाक देतो आणि जखमी नायकासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या क्रेन एका ओळीत वळविल्या जातात. देहू आणि न्यूयॉर्क यांची तुलना काहींना धीटपणाची वाटेल. परंतु दोन्ही पुनर्कथनांतील उत्तम कल्पना एकच निघावी, हे आम्हांस लक्षणीय वाटते.

दोघांचे दोषही भावंडे आहेत. वेब आई-वडिलांच्या रहस्याने गोष्ट सुरू करतात आणि मध्येच ते सोडून देतात. सामर्थ्य व जबाबदारी यांविषयीचे काकांचे प्रसिद्ध वाक्य टाळतात, पण त्या जागी येणारे आडवळणी बोलणे मनात राहत नाही. 'तुकाराम'चा उत्तरार्ध असाच सैल होतो. तुकोबा एकदा संत झाले की पटकथेला त्यांच्याविषयी विचारण्यासारखा प्रश्न उरत नाही; प्रसंगामागून प्रसंग आणि अभंगामागून अभंग येतात, त्यांत कार्यकारणाचा धागा क्षीण आहे. मंबाजीचा द्वेष ठाऊक असलेल्या मार्गानेच जातो. राधिका आपटे यांनी आवली, म्हणजे तीच जिजाई, जीव ओतून केली आहे, पण तिच्या रागाने कथा कोठेही वळत नाही. जुन्या चित्रपटात वहाण उगारली की देवालाच हालचाल करावी लागते. येथे आवली रागावते आणि तुकोबा समजूतदारपणे ऐकून घेतात.

शेवटाविषयी आमची तक्रार याच कारणाने आहे. विमान वगळले ते योग्यच. प्रभातचे ते गरुडाच्या आकाराचे विमान आजची मुले पाहतील तर हसतील. पण त्या प्रसंगाचा भार विमानावर कधी नव्हताच. नवरा वैकुंठास चल म्हणतो आहे आणि जिजाईला घर, चूल, मुलांचे जेवण सुटत नाही. ती मागे राहते, आणि वर गेलेला बरोबर की खाली राहिलेली, हे प्रेक्षकाला ठरविता येत नाही. नव्या चित्रपटाने विमानाबरोबर हा पेचही काढून टाकला. तुकोबा निघून जातात, आणि मागे राहिलेल्या आवलीचे त्यावर काय म्हणणे होते, हे विचारायला कोणी थांबत नाही.