पाच फुल्यांचा न्याय : रोलिंग यांच्या अद्भुतविश्वातील ‘धोकादायक’ जीव

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेची (१९९७-२००७) चर्चा बहुधा सुष्ट-दुष्टांचा संघर्ष, निवासी शाळेचे विश्व आणि नायकाचे पोरकेपण या अंगांनी होते. मालिकेतील वन्य जीव मात्र कथेला रंगत आणणारी सजावट म्हणून दुर्लक्षित राहतात. वस्तुतः एखादा जीव धोकादायक आहे हे कोणी व कशाच्या आधारे ठरवायचे, हा प्रश्न रोलिंग यांनी या जीवांच्या निमित्ताने वारंवार उपस्थित केला आहे. तो त्यांनी शेवटपर्यंत नेला नाही, हेही तितकेच खरे.

या दृष्टीने २००१ साली प्रसिद्ध झालेले ‘फॅन्टॅस्टिक बीस्ट्स अँड व्हेअर टू फाइंड देम’ हे छोटेखानी पुस्तक महत्त्वाचे ठरते. न्यूट स्कॅमँडर या काल्पनिक प्राणिशास्त्रज्ञाच्या नावे लिहिलेल्या या कोशात जादूमंत्रालयाने प्रत्येक जीवाला एक ते पाच फुल्या दिल्या आहेत. एक फुली म्हणजे कंटाळवाणा. पाच फुल्या म्हणजे माणसाळवता न येणारा, जादूगारांचा जीव घेणारा. वरवर पाहता ही धोक्याची चढती श्रेणी आहे. परंतु चार फुल्यांच्या वर्गाशी थबकले की श्रेणीचे स्वरूप पालटते. फिनिक्स पक्ष्याला चार फुल्या आहेत, त्या त्याला पाळणे फार थोड्यांना जमले म्हणून. नरतुरंगाला चार आहेत, त्या तो आक्रमक असल्यामुळे नव्हेत, तर त्याच्याशी आदराने वागावे म्हणून. एकाच चिन्हाने हिंस्रता, अवशता आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी मोजल्या जात असतील, तर ते माप प्राण्याचे नसून मापणाऱ्याच्या सोयीचे आहे. पुस्तकाच्या पानांवर हॅरी आणि रॉन यांनी केलेल्या खोडकर खरडींतून रोलिंग हेच सुचवतात. महाकाय कोळ्याच्या पाच फुल्या या मुलांना अपुऱ्या वाटतात. उलट, हॅग्रिडच्या लाडक्यांची जागा याच वर्गात आहे, अशी टिप्पणीही ती करतात.

याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत ‘प्राणी’ आणि ‘व्यक्ती’ यांच्या सीमारेषेचा एक कल्पित इतिहास येतो. जादूसमाजाचे कायदे समजण्याची व ते घडवण्याची जबाबदारी पेलण्याची बुद्धी ज्याला आहे तो ‘व्यक्ती’, अशी व्याख्या १८११ मध्ये मान्य होते. नरतुरंग मात्र हा दर्जा नाकारून स्वखुशीने ‘प्राणी’ राहतात. मानव-लांडग्यांची अवस्था अधिक बोलकी आहे : त्यांना मदत करणारे कार्यालय व्यक्तींच्या विभागात, तर त्यांना पकडणारे पथक प्राण्यांच्या विभागात. नोकरशाहीचा इतका नेमका उपहास मुख्य कादंबऱ्यांतही क्वचितच साधला आहे.

तिसऱ्या कादंबरीतील (१९९९) बकबीक या हिप्पोग्रिफचे प्रकरण या वर्गीकरणाची कसोटी पाहते. हिप्पोग्रिफला फुल्या तीनच. म्हणजे जाणत्या जादूगाराला तो सहज हाताळता यावा. हॅग्रिडने वर्गात पथ्य आधीच सांगितलेले असते : नमस्कार करा, वाट पाहा, अवमान करू नका. ड्रॅको मॅल्फॉय अवमान करतो, त्याच्या हाताला जखम होते आणि बकबीकला मृत्युदंड मिळतो. अपिलाची सुनावणी व्हायची असतानाच परशू घेतलेला मारेकरी सोबत आणला जातो, हा तपशील रोलिंग यांच्या उपरोधाचा उत्कृष्ट नमुना होय. ही कादंबरी ज्या ब्रिटनमध्ये लिहिली गेली तेथे १९७६ पासून धोकादायक वन्य प्राणी पाळण्यासाठी परवाना लागतो, तर १९९१ च्या कायद्याने कुत्र्यांच्या काही जातींवर, विशिष्ट कुत्र्याने काय केले याचा विचार न करता, जात म्हणूनच बंदी घातली. ‘एक्सएल बुली’ या जातीचा समावेश इंग्लंड व वेल्समध्ये २०२३ अखेरीस त्याच यादीत झाला. दोष कृतीत पाहावा की जातीत, हा वाद त्या समाजाला अपरिचित नाही. बकबीकच्या प्रकरणात तर तीन फुल्यांची जातही त्याला वाचवू शकत नाही; तक्रारदाराच्या वडिलांचे वजन निर्णायक ठरते.

येथवर रोलिंग यांची भूमिका निःसंदिग्ध आहे. मात्र बकबीक देखणा आहे, मानी आहे आणि मुलांना पाठीवर घेऊन उडतो. अ‍ॅरागॉग हा कोळी आणि बॅसिलिस्क हा सर्प यांच्या वाट्याला ही सहानुभूती येत नाही. हॅग्रिडविषयीच्या आदरापोटी अ‍ॅरागॉगने कधी माणसाला इजा केलेली नाही. तरीही आपल्या पिल्लांना हॅरी व रॉन यांना खाण्यापासून तो रोखत नाही. ही गुंतागुंत लेखिकेने निर्माण केली आणि दोन पानांतच पाठलागाच्या थराराखाली गाडून टाकली. सहाव्या कादंबरीत (२००५) त्याच्या दफनाच्या वेळी प्राध्यापक स्लगहॉर्न त्याचे मौल्यवान विष काढून घेतो, तेव्हा प्रसंग करुण कमी आणि विनोदी अधिक होतो. बॅसिलिस्क तर दुसऱ्याच्या आज्ञेने मारणारा, शतकानुशतके भुयारात कोंडलेला जीव. त्याच्यासाठी ना समिती, ना अपील. त्याचा सुळा पुढे नायकांच्या कामी येतो, एवढीच त्याची नोंद. हॅग्रिडचे प्राणिप्रेमही मालिकेत बव्हंशी भाबडेपणा म्हणूनच रंगवलेले आहे. चौथ्या कादंबरीतील स्फोट घडवत पुढे सरकणारे त्याचे ‘स्क्रूट’ पाहता ते सर्वस्वी अन्यायाचे म्हणता येत नाही, हा भाग वेगळा.

उपद्रवी जीवांबाबत हा निष्काळजीपणा अधिकच जाणवतो. वीझलींच्या बागेतील बुटके ‘नोम’ गरगर फिरवून कुंपणापलीकडे भिरकावले जातात. बोलता येणाऱ्या जीवाची ही हकालपट्टी निव्वळ गंमत म्हणून येते. ते परत येतात, कारण मिस्टर वीझली त्यांच्याशी फार मवाळपणे वागतात, असे तिचे स्पष्टीकरण.

अखेरच्या कादंबरीतील (२००७) ग्रिंगॉट्स बँकेचा ड्रॅगन हा या साऱ्याला एकमेव सशक्त अपवाद म्हणावा लागेल. तळघरात साखळदंडांनी जखडलेला, जवळजवळ आंधळा झालेला हा पाच फुल्यांचा जीव विशिष्ट खणखणाट ऐकताच मागे सरतो; त्या आवाजामागून वेदना येते, हे त्याला शिकवलेले आहे. येथे क्रौर्य प्रशिक्षणात आहे, आणि ते लेखिकेने कोणतेही भाष्य न करता दाखवले आहे. नायक त्याला मोकळे करतात ते स्वतःच्या सुटकेसाठी. तळ्यावरून तो खाली उतरू लागताच तिघे पाण्यात उड्या घेतात. ड्रॅगन तसाच पुढे उडत जातो आणि कथा त्याच्यामागे जात नाही.